स्टेअरिंग-सस्पेन्शनचं काम झालं आणि मीटरवर चार दिवे लागले : फोंडा, ऑगस्ट २०२५

३ ऑगस्ट, रविवार. ओडोमीटर ४८,६१२

गाडी बाबांची, २०१९ ची, पेट्रोल, वरचं मॉडेल म्हणून एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ देत नाही ते) सोबत ईएसपी (गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला ब्रेक लावून सावरतं ते) पण आहे. जून लागल्यापासून खांडेपारच्या बाजूला खड्ड्यात गेली की पुढून खटखट यायची आणि स्टेअरिंगला हात लावला तर हातात जाणवायची. शेवटी जुलैच्या अखेरीस जवळच्या एका गॅरेजात दिली (नाव लिहीत नाही), त्यांनी दोन्ही लोअर आर्म (चाकाला खालून धरणारे), दोन्ही टाय रॉड एंड (रॅकपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्यांची टोकं), उजवा शॉक अप बदलला आणि स्टेअरिंग रॅक (स्टेअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकून चाकं वळवतो तो) खाली काढून त्याचा बुश घातला. ३१ तारखेला गाडी मिळाली. खटखट शंभर टक्के गेली, ते काम चांगलं केलंय त्यांनी, हे आधीच लिहून ठेवते.

पण गाडी घरी येईपर्यंत मीटरवर एबीएस आणि ईएसपी लागलेले, आणि स्टेअरिंगचा पिवळा दिवा, म्हणजे ईपीएस (इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग), तो पण. बाबांनी फोन केला तर पलीकडून सांगितलं की बॅटरी काढली होती म्हणून असं होतं, गाडी चालू करून स्टेअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवा, जाईल. काल संध्याकाळी बाबांनी गेटसमोर तसं केलं. ईपीएसचा दिवा खरंच गेला. पण डावीकडे फुल वळवताना आतून टक असा आवाज आला आणि त्याच क्षणी एअरबॅगचा दिवा लागला, तो काही जाईना. आज सकाळी कळलं की हॉर्न पण वाजत नाही.

परत फोन केला तर उत्तर असं की पावसात सेन्सरला पाणी लागतं, सुकलं की जातील, चालतंय. मला हे पटत नाही. ह्याच गाडीतून दर पंधरा दिवसांनी आईला बांबोळीला हॉस्पिटलात न्यावं लागतं, फर्मागुडीचा उतार ओल्या रस्त्यावर उतरायचा आणि एबीएस नाही, एअरबॅग उघडेल की नाही सांगता येत नाही, हे मी चालवून घेणार नाही. चवथ (गणेश चतुर्थी) २७ ला आहे, त्याआधी गाडी नीट पाहिजे. मी कुंडईला कंपनीत इन्स्ट्रुमेंटेशनला आहे, सेन्सर, वायरिंग, मल्टीमीटर हे माझं रोजचं काम, त्यामुळे स्वतः बघायचं ठरवलं आणि जे करते ते इथे तारखेने लिहिते.

आज एवढंच केलं. मीटरचा फोटो काढला. माझ्याकडे तो छोटा ब्लूटूथवाला ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या सॉकेटला लावून फॉल्ट कोड वाचायचा) आहे तो लावला, मोबाईलवर आलं की एकही फॉल्ट नाही. ह्यात फसायला होतं, तो स्वस्तातला अडॅप्टर आणि फुकटचं ॲप बहुतेक वेळा फक्त इंजिनचे कोड वाचतं, एबीएस, एअरबॅग, स्टेअरिंग ह्यांचे कंट्रोलर वेगळे असतात आणि तिथपर्यंत ते पोचतच नाही. फॉल्ट नाही ह्याचा अर्थ तिथे विचारलंच नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

शेजारचे मेस्त्री काका कदंबच्या (गोव्याची सरकारी बससेवा) वर्कशॉपमधून रिटायर झालेत, त्यांच्या पुतण्याकडे मोठा स्कॅनर आहे जो सगळे मॉड्यूल, म्हणजे हे वेगवेगळे कंट्रोलर, वाचतो. काका स्वतःच घेऊन आले. मी लगेच क्लिअरवर बोट नेणार तर म्हणाले, "बाय, पुसू नको गो आधी. पहिलं लिहून घे, मग काय ते कर."

अगदी खरं. कोड पुसला की त्याच्यासोबत साठवलेली माहिती पण जाते. चारही मॉड्यूलचे फोटो काढले.

ईपीएसमध्ये व्होल्टेज कमी असा एक कोड, पण जुना, म्हणजे आता हजर नाही. हा बॅटरी काढल्याचा, ह्याला सोडून दिलं. एबीएसमध्ये सी-००४०, उजवं पुढचं व्हील स्पीड सेन्सर, आता हजर. ईएसपीखाली स्टेअरिंग अँगल सेन्सरची व्हॅल्यू जुळत नाही असा. आणि एअरबॅगमध्ये ड्रायव्हर साइड सर्किटचा रेझिस्टन्स जास्त, हजर.

मला वाटलं होतं कुठेतरी एक अर्थिंग सुटलं असेल आणि सगळं त्याच्यामुळे असेल, पण तसं नाहीये, तीन वेगळ्या जागा आहेत. पण तिन्ही जागा अशा आहेत जिथे ह्या कामात हात लागलाय. उजवा शॉक अप काढला, त्याच्यावरूनच सेन्सरची वायर जाते. रॅक काढला म्हणजे स्टेअरिंगचा दांडा रॅकपासून सोडवला. टाय रॉड बदलले म्हणजे अलाइनमेंट हलली. आता पाण्याला कशाला दोष द्यायचा.

९ ऑगस्ट, शनिवार

नारळी पौर्णिमेची सुट्टी, दुपारपर्यंत पाऊस थांबला म्हणून पोर्चमध्ये गाडी घेतली.

आधी लाइव्ह डेटा. बाबांनी गाडी गल्लीत हळू चालवली, मी बाजूला स्कॅनर घेऊन बसले. तीन चाकं १८, १८, १८ दाखवतात आणि उजवं पुढचं १८, ०, १८, ०, मग वळणावर सलग ०. डावीकडे वळलं की मेलं, सरळ झालं की परत जिवंत. सेन्सर स्वतः मेला असता तर तो सरळ रस्त्यावर पण मेलेलाच राहिला असता, वळल्यावर मरतो म्हणजे वायर.

चाक काढलं. वायर शॉक अपच्या अंगावर एका छोट्या पत्र्याच्या ब्रॅकेटने धरलेली असते, त्या ब्रॅकेटचा बोल्टच नाही. नवीन शॉक अपला भोक आहे, बोल्ट घातलेला नाही. त्यामुळे वायर मोकळी लोंबत होती आणि स्टेअरिंग डावीकडे वळलं की उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला टायरवर घासत होती. साधारण चार बोटं लांबीत वरचं काळं आवरण गुळगुळीत झालंय आणि एका ठिकाणी उघडं पडून आतली तांब्याची तार दिसते, ती नऊ दिवसात हिरवी झालीय. वरून तांबडा चिखल बसलेला, पाण्याने धुतल्यावरच दिसलं. गोव्यात पावसाळ्यात उघड्या तांब्याला हिरवं व्हायला वेळ लागत नाही, समुद्राची हवा आहेच.

तरी खात्री पाहिजे म्हणून मल्टीमीटर लावलं. इथे एक गोष्ट महत्त्वाची आहे. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये नुसती कॉइल असते, ती ओहमवर मोजता येते, साधारण हजारच्या आसपास किंवा वर येतं. आताच्या बहुतेक गाड्यांत दोन वायरचा ॲक्टिव्ह सेन्सर असतो, त्याच्या आत चिप आहे, त्याला ओहमवर लावून काही कळत नाही आणि मीटरच्या करंटने चिप बिघडू पण शकते. तो व्होल्टेजवर नाही तर करंटवर बोलतो, चाक फिरवलं की ७ मिलिअँपिअर आणि १४ मिलिअँपिअर ह्या दोनच पायऱ्या. कंपनीत आम्ही ४ ते २० मिलिअँपिअरवाली लूप (सेन्सरचं माप करंटमधून पाठवायची पद्धत) रोज बघतो त्यामुळे हे बघून मला एकदम घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. डाव्या चांगल्या चाकाला मीटर सिरीजमध्ये लावून चाक हाताने हळूहळू फिरवलं, ७.१, १४.२, ७.१, १४.२, सुंदर. उजवीकडे पण तसंच येतं आणि मी वायर जराशी ओढली की ०. कनेक्टरवर गाडीकडून येणारा सप्लाय बरोबर आहे, म्हणजे एबीएस युनिट ठीक, पुढचं हार्नेस (वायरींचा जुडगा) ठीक, फक्त सेन्सरची ही शेपटी.

बाबा म्हणाले टेप मारूया. नको म्हटलं. ही वायर आयुष्यभर स्टेअरिंगसोबत वाकते, मध्ये सोल्डरचा जोड घातला की तो भाग कडक होतो आणि जोडाच्या शेजारीच परत तुटते. सरळ राहणाऱ्या जागी असती तर मी जोड दिला असता आणि वर गोंदवाली हीट श्रिंक नळी घातली असती. इथे सेन्सर वायरीसकटच बदलायचा.

१० ऑगस्ट, रविवार

सेन्सर काल संध्याकाळीच मडगावहून आणला, १,८५० रुपये. जुना नकलमध्ये (चाकाचं बेअरिंग बसतं तो लोखंडी भाग) गंजाने घट्ट बसलेला. इथे घाई केली तर डोकं तुटून बुंधा आत राहतो. रात्री गंज सुटायचं तेल मारून ठेवलं होतं, सकाळी परत मारलं, मग ओढायचं नाही तर आधी डावी-उजवीकडे हलवायचं, पाऊण तासाने आला. भोक आतून बारीक ब्रशने साफ केलं, कारण गंजाचा थर राहिला तर नवीन सेन्सर वर उचललेला बसतो आणि चाकासोबत फिरणारी जी रिंग तो वाचतो तिच्यापासून अंतर वाढतं.

काका बाजूला खुर्ची टाकून बसलेले. त्यांनी विचारलं, "बेअरिंग बदललेलं काय गो?" नाही बदललं. विचारायचं कारण असं की आता बऱ्याच बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकाची रिंग असते, दिसायला दोन्ही बाजू जवळपास सारख्याच, उलटं दाबून बसवलं की सेन्सरला काहीच दिसत नाही आणि माणूस सेन्सरवर सेन्सर बदलत बसतो. पिन जवळ नेली तर कुठली बाजू ते लगेच कळतं. आमच्या बाबतीत हा प्रश्न नव्हता पण लिहून ठेवते, ज्याला लागेल त्याला लागेल.

नवीन सेन्सर, वायर मूळच्या सगळ्या क्लिपांतून, आणि ब्रॅकेटला बोल्ट. स्टेअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत नेऊन बघितलं, वायर ताणत नाही, टायरला लागत नाही. (एअरबॅगचं काम बाकी आहे, आत जे तुटायचं ते तुटलेलंच आहे म्हणून फुल वळवलं.) कोड पुसला, गल्लीतून बाहेर पडून जरा वेग घेतल्यावर एबीएसचा दिवा गेला. ईएसपीचा पण गेला, मी खूश झाले, आणि कुर्टीच्या बायपासवर सरळ रस्त्यात दोनेक किलोमीटर गेल्यावर ईएसपी परत लागला. एकटाच.

१६ ऑगस्ट, शनिवार

आठवडाभर सेकंड शिफ्ट, हात लावता आला नाही. काल सुट्टी होती पण सकाळपासून कोसळत होता.

ईएसपी. स्कॅनरवर स्टेअरिंग अँगल उघडला. सरळ सपाट रस्ता, स्टेअरिंग डोळ्याला एकदम सरळ, गाडी पण सरळ जाते, आणि सेन्सर म्हणतो उणे ११ अंश. म्हणजे कंट्रोलरला वाटतं ड्रायव्हरने स्टेअरिंग वळवलंय, पण गाडी वळते की नाही सांगणारा यॉ सेन्सर म्हणतो वळत नाहीये, चारही चाकांचे वेग सारखे. ईएसपीचं सगळं काम ह्याच तुलनेवर चालतं, ड्रायव्हरला कुठे जायचंय आणि गाडी कुठे चाललीय. दोन्ही जुळत नाहीत म्हणून थोडा वेळ बघतो आणि मग स्वतःला बंद करतो. बरोबरच करतो, चुकीच्या माहितीवर एखाद्या चाकाला ब्रेक मारला तर काय होईल.

पण ११ अंश आले कुठून? अलाइनमेंटने स्टेअरिंग तिरकं होतं, पण इथे स्टेअरिंग तर सरळ आहे. मी गाडीखाली गेले आणि टाय रॉडवरचे दिसणारे आटे मोजले. डावीकडे २२, उजवीकडे १७. दोन्ही बाजू जवळपास सारख्या असायला पाहिजेत. म्हणजे रॅक मध्यावर नाही, एका बाजूला सरकलेला आहे, आणि तरी स्टेअरिंग सरळ. मग बाबांना विचारलं, तेव्हा आठवून म्हणाले, हो, पहिल्या दिवशी स्टेअरिंग जरा तिरकं होतं, मी परत गेलो तर पोराने दहा मिनिटात मधलं काढून सरळ बसवून दिलं.

इथेच सगळं आहे. स्टेअरिंग व्हील दांड्यावर दात्यांवर बसतं, ते उपटून एक दाता पुढे-मागे बसवलं की डोळ्याला सरळ दिसतं, अलाइनमेंटचे पैसे आणि वेळ वाचतो. जुन्या गाडीत ह्याने फार काही बिघडत नव्हतं. आताच्या गाडीत दांड्यावर अँगल सेन्सर आहे, त्याचा शून्य तिथेच राहतो आणि व्हील तेवढं सरकतं. तिरकं स्टेअरिंग सरळ करायचं ते खाली टाय रॉडवर, एक बाजू जितकी आत तितकी दुसरी बाहेर. वर नाही.

मला ह्याचा खरंच राग आला. चूक झाली म्हणून नाही, चूक कोणाच्याही हातून होते. दिव्याला पाऊस म्हणून सांगितलं आणि बाबांनी ते मान्य करून आईला घेऊन दोनदा बांबोळी गाठली, त्याचा.

१७ ऑगस्ट, रविवार

एअरबॅग. हे सगळ्यात सांभाळून.

खूण सोपी होती, एअरबॅगचा दिवा, हॉर्न बंद आणि स्टेअरिंगवरची आवाजाची बटणं पण बंद. ह्या तिघांत सामायिक एकच गोष्ट, क्लॉक स्प्रिंग. स्टेअरिंग फिरतं, गाडी फिरत नाही, मग मधली वायर कशी टिकणार, म्हणून एका चपट्या डबीत लांब रिबन गुंडाळलेली असते, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी, फिरवलं की एकीकडे गुंडाळते दुसरीकडे सुटते. एकूण पाच-सहा फेऱ्यांची असते आणि बरोबर मध्यावर बसवायची असते.

बॅटरीचा निगेटिव्ह काढला आणि घड्याळ लावून दहा मिनिटं थांबले, कारण एअरबॅग मॉड्यूलमध्ये कपॅसिटर असतो, बॅटरी काढली तरी तो काही काळ भरलेला असतो. एअरबॅग सोडवली, दूर टेबलावर, वरची बाजू वर करून ठेवली, उलटी कधीच नाही. आणि एअरबॅगला स्वतःला मल्टीमीटर लावायचा नाही, कुठल्याही परिस्थितीत नाही, मीटरचा थोडासा करंट पण तिथे नको.

मग क्लॉक स्प्रिंग, दोन्ही टोकांची कनेक्टर काढून, फक्त डबी. एअरबॅगची जोडी ओपन, म्हणजे आतून तुटलेली. हॉर्नची ओपन. सगळंच ओपन.

डबी बाहेर काढून वर्तमानपत्रावर उघडली. रिबन आतल्या टोकाला दोन सेंटिमीटरवर आडवी फाटलेली, फाटलेल्या कडेला प्लास्टिक पांढरं पडलेलं, ताणून ताणून तुटल्यासारखं. रॅक खाली होता तेव्हा दांडा मोकळा होता, कोणीतरी स्टेअरिंग एक-दोन फेऱ्या फिरवलं असणार, जोडताना चाकं सरळ दिसली, स्प्रिंग मात्र मध्यावरून सरकलेली. साध्या चालवण्यात पुरली. बाबांनी ईपीएससाठी शेवटपर्यंत वळवलं तेव्हा रिबन संपली, आणि टक. रॅक काढायच्या आधी स्टेअरिंग सीटबेल्टने बांधून ठेवलं असतं, एक मिनिटाचं काम, तर हे झालं नसतं.

बाबांच्या मनाला लागलं की आपण वळवलं म्हणून तुटलं. त्यांना ती रिबन दाखवली, समजावलं की पहिल्या यू टर्नला ती तुटणारच होती.

पार्ट ऑर्डर केला, ४,३०० रुपये. तोपर्यंत गाडी उभी. हॉर्न नसलेली गाडी बाहेर काढायची नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

पार्ट गुरुवारी आला. नवीन क्लॉक स्प्रिंग मध्यावर लॉक केलेली येते, छोटी पिन असते, ती शेवटपर्यंत काढायची नाही.

आधी रॅक मध्यावर आणला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेऱ्या ते मोजलं, त्याच्या निम्म्यावर आलं की खरा मध्य. तिथे चाकं जराशी तिरकी दिसतात, दिसू देत, ते उद्याचं काम. मग स्प्रिंग बसवली, कनेक्टर, पिन काढली, स्टेअरिंग व्हील ह्या वेळी बरोबर दात्यावर, मधला नट नवीन. व्हील काढताना नट पूर्ण सोडायचा नाही, दोन-तीन आटे ठेवूनच ओढायचं, नाहीतर सुटून सरळ तोंडावर येतं. एअरबॅग लावली, बॅटरी शेवटी जोडली, आणि जोडताना गाडीत कोणी बसायचं नाही. कोड पुसला. चावी फिरवली, एअरबॅगचा दिवा लागला, पाचेक सेकंदांनी विझला. हॉर्न वाजवला तर काका गेटबाहेरून "वाजलं गो!" म्हणून ओरडले.

२४ ऑगस्ट, रविवार

सकाळी फोंड्यातच अलाइनमेंटला. त्या माणसाला आधीच सांगितलं की वर हात लावायचा नाही, खाली दोन्ही टाय रॉड. त्याने न कंटाळता केलं, शेवटी दोन्हीकडे मी मोजले तर २० आणि १९. टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली ते) बसल्यावरच अँगल सेन्सरचा शून्य घ्यायचा, उलट क्रमाने केलं तर परत तेच. सपाट जागा, चाकं सरळ, इंजिन चालू, स्कॅनरमध्ये कॅलिब्रेशन, अर्ध्या मिनिटात झालं. आता सरळ रस्त्यावर ०.४, ०.१, उणे ०.३ असं फिरतं.

लोअर आर्मचे बुशचे बोल्ट पण सैल करून गाडी जमिनीवर असताना परत आवळून घेतले, लटकत्या चाकावर आवळले असतील तर रबर पिळलेलं राहतं आणि सहा महिन्यात फाटतं. आवळताना जॅकवर होती की नव्हती हे कोणी सांगणार नाही, म्हणून करून टाकलं.

मग फोंडा, फर्मागुडीचा उतार, म्हार्दोळ, बाणस्तारी आणि परत. पाऊस होता. म्हार्दोळच्या पुढे रिकाम्या रस्त्यावर, मागे कोणी नाही बघून एकदा जोरात ब्रेक मारला, पायाखाली एबीएसची धडधड आली आणि गाडी सरळ रेषेत थांबली. एकही दिवा नाही. घरी येऊन चारही मॉड्यूल स्कॅन केले, चारही रिकामे.

२६ ऑगस्ट, मंगळवार. ओडोमीटर ४८,७९४

कामाला जायच्या आधी चाक वळवून उजव्या सेन्सरची वायर टॉर्चने बघितली, चिखल बसलाय, घासलेली नाही. ब्रॅकेटचा बोल्ट घट्ट.

बाबा आईला घेऊन माटोळीच्या (गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात ती) बाजाराला गेले, सुपाऱ्यांचे घड, तोरिंजन, चिबूड, मागची सीट भरून आणलं. संध्याकाळी गणपती आणायला पण हीच गाडी. मूर्ती मागे आई मांडीवर धरून बसणार, मी चालवणार.

जुनी क्लॉक स्प्रिंग आणि सेन्सर पिशवीत घालून ठेवलेत. चवथ झाली की गॅरेजात नेऊन त्या पोराला दाखवणार आहे, सीटबेल्टने स्टेअरिंग कसं बांधायचं ते पण.